डॉक्टरच्या घरात लहानाचं मोठं होणं कसं असतं? वडिलांना घरच्यांसाठी वेळ असतो का?

माझे बाबा महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका गावात चौतीस वर्षं डॉक्टर होते. २००४ ला दवाखाना बंद केला, २००९ मध्ये गेले. शहरातल्या डॉक्टरांच्या घरचं मला काही सांगता येणार नाही. आमच्या घरापुरतं विचाराल तर वेळ नव्हता. ताईच्या साखरपुड्याला बाबा दोन तास उशिरा आले, तेही कुणाच्या तरी गोठ्यातून आल्यासारखे, पँटच्या पायाला शेण. व्याही दारात उभे राहून बघत होते. आईने काही न बोलता तांब्या पुढे केला.

दवाखाना घराच्या पडवीतच होता. लाकडी बाक, पडदा लावलेली खाट, स्टोव्हवर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा. आई कंपाउंडर, आणि आम्ही दोघं भावंडं तिचे हाताखालचे. बाटलीवर चिकटवायच्या डोसाच्या पट्ट्या आम्ही कापायचो. कागदाची घडी घालून कात्रीने कोपरे उडवायचे, उलगडलं की दोन्ही कडांना सारख्या खाचा. दहा पट्ट्यांना एक लिमलेट. पेशंट आला की आईचा पहिला प्रश्न, "बाटली आणलीय का?" बाटली घरून आणायची असे. पैसे मात्र बऱ्याचदा घरी विसरलेले असत. मग मे महिन्यात कुणीतरी टोपलीभर रातांबे आणून टाकायचं आणि आई दोन दिवस सोलं करत बसायची, बडबडत.

पण बाबा आठवले की मला आठवतात ते विंचू.

तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो. आमच्याकडचा लाल विंचू दिसायला लहान, पण त्याचा डंख शहरातल्या लोकांना वाटतो तसा नुसता ठणकत नाही. पोराला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धाडधाड उडते आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत जास्त. जांभ्याच्या गडग्यात, कौलांखाली, सरपणात, गोवऱ्यांत कुठेही सापडतो. आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत, तिथे दोन-तीन तास जात, आणि मग आमच्या दारात हाक, "डाक्टर, पोराला इचू लागला!"

१९८१ मध्ये माझ्या वर्गातला एक मुलगा असाच आणला होता. चौथीत होतो आम्ही. आईला गोवऱ्या काढून देताना बोटाला डंख. त्या काळी जे काही देत, स्टेरॉइड, अॅट्रोपिन, ते सगळं बाबांनी दिलं. त्याचा उपयोग होत नाही हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. पहाटे त्याच्या तोंडाला लालसर फेस आला. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो, कुणी हटकलं नाही. बाबा बाहेर आले आणि चहाही न घेता आमची दप्तरं, चपला, दोरीवरचे कपडे एकेक करून झटकत बसले.

पुढचं श्रेय डॉ. हिंमतराव बावसकरांचं. आता पद्मश्री मिळालेले, तेव्हा महाड भागातले तरुण डॉक्टर, बाबांपेक्षा वयाने लहान. विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काय करतं हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, रात्ररात्र नोंदी ठेवून शोधलं आणि प्राझोसिन वापरून बघितलं. ही रक्तदाबाची गोळी. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विष भिनलेल्या गंभीर रुग्णांत आधी शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण पुढे एकदोनावर आलं. आमच्याकडे ही बातमी लॅन्सेटमधून कशाला येईल! ती आली एसटीने, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे.

बाबांनी ती गोळी पहिल्यांदा वापरली ती रात्र मला नीट आठवते, कारण वीज गेली होती आणि कंदील माझ्या हातात होता. सहा-सात वर्षांची मुलगी. खलात गोळी कुटून चमच्याने पाजली. तिला उठू द्यायचं नाही, उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून तिचा बाप खाटेवर तिला धरून. तीन तासांनी परत गोळी. मधल्या सगळ्या वेळात बाबा तिचे तळवे दोन्ही हातांत घेऊन बसले होते, नाडीपेक्षा जास्त लक्ष तळव्यांकडे. साडेचारच्या सुमाराला स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, पाय तापले!" आईने चहाचं आधण ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात कुठलंही अडलेलं काम झालं की "पाय तापले" म्हणतात. माझी नोकरी लागली तेव्हाही आईने फोनवर मामाला हेच सांगितलं होतं.

त्या चहाच्या वेळी बाबा खुशीत असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पाच वर्षं आधी कळायला हवं होतं." कुणाबद्दल ते आईला विचारावं लागलं नाही. मलाही नाही.

मी लहानपणी त्यांच्यावर रागावलेला होतो, हे लपवत नाही. शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला ते आले नाहीत. पत्ते खेळायला बसले की तिसऱ्या डावाला कुणीतरी हाक मारायचं आणि त्यांची पानं तशीच पालथी पडून राहायची. ताई ती हळूच उलटून बघायची. दवाखाना बंद केल्यावर भरपूर वेळ मिळाला, तर काय करायचं ते त्यांना सुचेना. सकाळी आंघोळ करून, शर्ट इन करून पडवीत बसायचे.

तुमचा प्रश्न काल मी आईला वाचून दाखवला. ती आता माझ्याकडे ठाण्याला असते. भाजी निवडत होती. म्हणाली, "वेळ कुठला रे? पण रात्री कितीही वाजता येऊ देत, आधी बॅटरी घेऊन तुमच्या अंथरुणांवर, पांघरुणाखाली सगळीकडे बघायचे आणि मग हातपाय धुवायला जायचे. तू चिडायचास. झोपमोड होते म्हणून पाय झाडायचास."