आजोबांचा रोव्हर्स कप

प्रश्न : आजोबा सतत रोव्हर्स कपच्या गोष्टी सांगतात. ही स्पर्धा नेमकी काय होती? बंद का पडली? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा! मीही वडिलांबरोबर मुंबईच्या कूपरेज मैदानावर हे सामने पाहिलेत. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. सुरुवातीला कप गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला.

पण माझ्या वडिलांसाठी रोव्हर्स म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते ५४, सलग पाच वेळा विजेते! प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानापर्यंत नेणारे तेच रहीमसाहेब. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स संघानं कप जिंकला, त्याबद्दल आजोबांना जरूर विचारा.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि मोठ्या क्लबांना अशा स्पर्धांसाठी सवड उरेना. मोहन बागान शेवटचा विजेता ठरला, २००१ नंतर स्पर्धा झालीच नाही. ड्युरँड कप ही अशीच जुनी फुटबॉल स्पर्धा पुन्हा उभी राहिली. मुंबईनं रोव्हर्ससाठीही तेवढं करायलाच हवं.