नोकरीच्या खुंटीला टांगलेले बाळंतपण

प्रश्न : मी नौपाड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी मुलगी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ, तीसेक माणसांच्या एका कंपनीत हिशेबाचे काम करते. तिच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिथे राहून मी नुकतीच परतले. सारे सुखरूप पार पडले, पण सव्वा महिना पुरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती कामावर रुजू झाली. त्या दिवसांपैकी साठवलेल्या सुट्ट्यांचे दोन आठवडे तेवढे पगारी होते. शेवटच्या आठवड्यात तर बाळ दूध ओढत असतानाही तिची नजर घड्याळावर असायची. जावयांच्या कंपनीचा विमा असूनही हॉस्पिटलची पाकिटे मी निघेपर्यंत येतच होती. मला १९८८ साली शाळेतून तीन महिन्यांची भरपगारी रजा मिळाली होती. हा त्या कंपनीचा अन्याय आहे की तिथला कायदाच असा आहे? आणि एवढ्या श्रीमंत देशात असे का असावे?

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून कंपनीने कायदा मोडलेला दिसत नाही, कायदाच तोकडा आहे. खासगी नोकरीतल्या बाळंतिणीला पगारी रजा दिलीच पाहिजे, असे सांगणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत आजही नाही. जो आहे तो कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा. थोरल्या जॉर्ज बुश यांनी तो दोनदा नाकारला आणि अखेर ५ फेब्रुवारी १९९३ रोजी बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. तो बारा आठवड्यांची रजा देतो, पण बिनपगारी. त्या काळात नोकरी आणि विमा शाबूत राहतो, इतकाच त्याचा आधार. शिवाय त्यासाठी ७५ मैलांच्या परिसरात कंपनीचे किमान ५० कर्मचारी असावे लागतात, रजा मागणाऱ्याची नोकरी १२ महिन्यांची झालेली असावी लागते आणि मागच्या वर्षभरात त्याने १,२५० तास काम केलेले असावे लागते. आपली मुलगी पहिल्याच अटीला गळाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून बारा आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापली सोय केली आहे. खासगी नोकरदारांसाठी तशी सक्तीची तरतूद टेक्सासमध्ये नाही.

तरीही दोन गोष्टी मुलीला अवश्य कळवा, कारण लहान कंपन्यांत त्या कुणी आपणहून सांगत नाही. जून २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे १५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला गरोदर व बाळंत स्त्रीच्या शारीरिक गरजांसाठी वाजवी सवलत द्यावी लागते, आणि प्रकृती सावरण्यासाठीची बिनपगारी रजाही त्यात बसू शकते. दुसरे असे, की बाळ वर्षाचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध काढण्यासाठी सवड आणि स्वच्छतागृहाव्यतिरिक्त आडोशाची जागा मिळण्याचा हक्क तिला आहे. लहान मालकाला यातून सूट मागता येते, पण त्यासाठी फार मोठी अडचण त्याला दाखवून द्यावी लागते. तेव्हा तिने हे लेखी मागावे.

आता आपला दुसरा प्रश्न. ऐरोलीतल्या एका कंपनीत मी अकरा वर्षे रात्रपाळीने अमेरिकन हॉस्पिटलांच्या क्लेमचे काम केले. पहिली काही वर्षे हाच प्रश्न माझ्याही मनात होता. पैसा कमी पडतो म्हणून असे होते म्हणावे, तर तेही नाही. देशाच्या एकूण उत्पन्नाचा साधारण सहावा हिस्सा अमेरिका आरोग्यावर खर्च करते, आणि इतका खर्च दुसरा कोणताही मोठा देश करत नाही. माझ्या मते खरे कारण असे, की आजारपण आणि बाळंतपण या दोन्ही गोष्टी त्या देशाने नोकरीच्या खुंटीला टांगल्या. हे कुणी फार विचार करून ठरवले असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाई आवरण्यासाठी सरकारने पगारवाढ रोखली, मात्र विम्यासारख्या सवलती त्या बंधनातून सुटल्या. माणसे मिळवण्यासाठी कारखानदार विमा देऊ लागले आणि पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावरची करसवलत पक्की केली. युद्ध संपले, ही घडी मात्र तशीच राहिली. हॅरी ट्रुमन यांनी १९४५ साली सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि ती बारगळली. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांनी पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. त्या कायद्यावर त्यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन सही केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांच्याच हाती दिले. मधल्या वयाचा, कमावता, मुलेबाळे होणारा माणूस मात्र मालकाच्या भरवशावर राहिला. २०१० च्या कायद्याने प्रसूती व नवजात बाळाचे उपचार व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आणि लहान कंपन्यांच्या विमा योजनांत आवश्यक ठरवले, जुन्या आजारावरून विमा नाकारण्यास बंदी घातली, ही मोठी सुधारणा होय. पण खुंटी तीच राहिली.

रजेचेही तसेच झाले. मला सर्वांत खटकते ती गोष्ट १९१९ सालची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली आणि बाळंतपणाच्या बारा आठवड्यांच्या रजेचा, त्या काळात उदरनिर्वाहापुरते पैसे देण्याचा करार त्याच शहरात मंजूर झाला. अमेरिका तेव्हा संघटनेची सदस्यही नव्हती, आणि तो करार तिने कधीच स्वीकारला नाही.

पाकिटांविषयी सांगते. तिथे एका प्रसूतीचे एक बिल नसते. हॉस्पिटलचे वेगळे, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे. आणि नाळ कापल्या क्षणापासून बाळ हा स्वतंत्र रुग्ण असल्याने त्याचेही वेगळे. आमच्या स्क्रीनवर अशा बाळांना नाव नसे. ‘बेबी गर्ल’ आणि पुढे आईचे आडनाव. जन्मल्यापासून तीस दिवसांत आईवडिलांनी नाव विम्यात घातले नसेल, तर तो क्लेम ‘सभासद आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येई. पदरात काही आठवड्यांचे मूल असताना कागदाचे हे काम राहून जाणार नाही तर काय होणार? असे क्लेम नाकारल्याची नोंद करताना माझा हात दर वेळी अडखळे. मुलीला सांगा, की विमा कंपनीकडून येणाऱ्या ज्या कागदावर ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते तो जपून ठेवावा, हॉस्पिटलचे बिल त्याच्याशी ताडून पाहावे आणि मगच पैसे भरावेत. हॉस्पिटल विमा योजनेतले असूनही भूलतज्ज्ञ योजनेबाहेरचा निघाला, म्हणून जादा रक्कम मागितली असेल, तर जानेवारी २०२२ पासून त्याला मनाई आहे. हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचे असेल, तर आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे त्याला बंधनकारक असते. तेही मागून घ्यावे.

आपल्या १९८८ च्या रजेचा उल्लेख मला मोलाचा वाटला. मुंबई प्रांतात १९२९ सालीच प्रसूती-लाभाचा कायदा झाला होता. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते, की आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. त्यातले पहिले आपण ऐकले आणि २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. दुसरे ऐकले नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या स्त्रिया सोडल्या, तर रजेचा खर्च एकट्या मालकावर पडतो आणि नव्याने लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना तो कचरतो. नौपाड्यात आपल्याकडे कुणी धुणीभांडी करायला येत असेल, तर तिच्या बाळंतपणात तिला किती महिने पगार मिळाला, हे तिला जरूर विचारा. एक फरक मात्र मी मानते. ती कळव्याच्या महापालिका रुग्णालयात केसपेपर काढून बाळंत होऊ शकते. तिथे गर्दी असते, हेलपाटे असतात, पण नवऱ्याची नोकरी गेली म्हणून तिचा केसपेपर बंद होत नाही.

आणि आपले ते सहा महिने. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची मालिश, शेक-शेगडी, रात्रीची जागरणे, हे सारे आपण प्रेमाने केलेत. पण जी रजा त्या देशाने आपल्या मुलीला दिली नाही, ती आपण पर्यटक व्हिसावर जाऊन भरून काढलीत, आणि ठाण्यातून दरवर्षी अनेक आज्या हेच करतात. ज्यांची आई येऊ शकत नाही, त्या मुली सहा आठवड्यांचे मूल पाळणाघरात ठेवतात. मुलगी ‘इथे असंच असतं’ असे म्हणाली असेल आणि आपण गप्प राहिला असाल, तर पुढच्या वेळी फोनवर तिला हे जरूर सांगा.

प्रश्न : मी घणसोलीत राहतो. कंपनी मला न्यू जर्सीला पाठवत आहे आणि पत्नीला चौथा महिना आहे. प्रसूती तिथे करावी की इथे?

उत्तर : जाण्याची तारीख ठरवण्याआधी विम्याचे कागद मागवा. गरोदरपण आधीचे आहे म्हणून विमा नाकारता येत नाही, पण नोकरीत रुजू झाल्यावर विमा सुरू होण्यास ९० दिवसांपर्यंतची मुदत ठेवण्याची मुभा मालकाला असते. आपल्या बाबतीत ती असेल, तर मी म्हणेन प्रसूती इथेच होऊ द्या. नसेल, तर वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल हा आकडा पाहा, हप्त्याचा आकडा नव्हे, आणि बाळाच्या तीस दिवसांची तारीख आजच लिहून ठेवा.

न्यू जर्सीत वेतनातून कपात होऊन उभा राहिलेला निधी आहे आणि त्यातून वडिलांनाही बारा आठवड्यांपर्यंत रजेचे पैसे मिळू शकतात. पण त्यासाठी आधी त्या राज्यात काही महिने कमाई झालेली लागते, आणि आपण नुकतेच पोचलेले असाल. म्हणून पितृत्व रजेविषयी कंपनीचे स्वतःचे धोरण काय आहे, ते निघण्यापूर्वी लेखी घ्या. नोकरी गेल्यास जुना विमा साधारणपणे अठरा महिने चालू ठेवता येतो, परंतु मालकाचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. आणि एच-वन बी व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. विमा आणि व्हिसा एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे लक्षात ठेवून काही महिन्यांचा खर्च इथल्या खात्यात राखून ठेवा.

प्रश्न : कोपरीहून मी सूनबाईंच्या बाळंतपणासाठी सिएटलला जाणार आहे. वय ६६, रक्तदाब आहे. पासष्टीनंतर तिथे उपचार मोफत असतात, असे ऐकले. विमा काढावा का?

उत्तर : जरूर काढा. मेडिकेअर पाहुण्यांना लागू नाही. पर्यटकांच्या बहुतेक विम्यांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. काही योजना असा आजार अचानक बळावल्यास मर्यादित खर्च देतात, तेवढे कलम शोधून वाचा आणि रक्तदाब लपवू नका, कारण क्लेम त्याच कारणाने नाकारला जातो. १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या प्रसंगी हॉस्पिटलला रुग्णाची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. बिल मात्र मागाहून येते. गोळ्या मूळ पाकिटांतच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, ज्यात गोळीच्या कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहिलेले असेल.