आईला संधिवात आणि फुप्फुसांचा आजार आहे. वजन तेवढंच, पण हातपाय वाळत चाललेत. आराम द्यावा की व्यायाम?

व्यायाम. दम लागतो म्हणून माणसाला बसवून ठेवलं की मांड्या आटतात, मग चार पावलांतच दम लागतो आणि घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला.

माझ्या आईला जुना संधिवात, पुढे फुप्फुसांत फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाणं. वजन 58 किलो, ते हललंच नाही. दादाचा सगळा भर त्या आकड्यावर. "वजन उतरलंय का? मग कशाला छळतेस तिला?" आईची पाटली सुजलेल्या सांध्यांमुळे हातातून निघत नव्हती, पण वर सरकवली की थेट कोपराला टेकायची. हे दिसत असताना काट्याचं काय ऐकायचं? संधिवातातली सूज स्नायू खाते, त्या जागी चरबी साठते, वजन तेवढंच राहतं. त्यात स्टेरॉइड चालू असेल तर मांड्या आणि खांदे आणखी झिजतात.

वर आत्याने डाळी, हरभरे, अंडी बंद करवली होती, वातूळ म्हणून. पेज आणि मऊ भातावर स्नायू कसे धरणार? डॉक्टरांनी किलोमागे रोज 1.2 ग्रॅम प्रथिनं सांगितली, म्हणजे आईला जवळपास 70 ग्रॅम. दोन अंड्यांत 12 मिळतात. मी घट्ट वरण, अंडी, पनीर सुरू केलं. सांधे जास्त दुखले नाहीत.

फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठबस आणि रबरी पट्ट्याचे व्यायाम दिले. बोटाला ऑक्सिमीटर, ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं. दादा म्हणाला, "मारशील तिला." काही महिन्यांत आई हात न टेकता उठायला लागली, तर म्हणे औषध लागू पडलं. औषध आधीपासून तेच होतं!

तुमच्या आईला हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना सांगाच.

हो, सांधे लाल-गरम असतील तेव्हा त्यांच्यावर जोर नको. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवा. व्यायाम किती, हे फुप्फुसांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. आणि घरात जो कोणी "आराम करू दे" म्हणतो, त्याला पुढच्या तपासणीला सोबत न्या. आमचा दादा एकदाही आला नाही.