नकोसे आकडे गाळले, तर तक्रार कोणाकडे?

प्रश्न : गोव्यातील एका उच्च शिक्षणसंस्थेत केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पात मी साहाय्यक आहे. खाजन जमिनीतील (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतील) क्षारतेच्या आमच्या मोजमापांपैकी अपेक्षेशी न जुळणारे काही आकडे अहवालातून गाळण्यात आले आहेत. साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीत हे उघड होईल का? तक्रार कोणाकडे करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : उघड होणार नाही. ती प्रणाली फक्त मजकुराची जुळणी पाहते. पूर्णपणे कल्पित आकडे स्वतःच्या शब्दांत मांडणारा प्रबंध तिच्या चाळणीतून सहज पार होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांचा भरही वाङ्मयचौर्यावरच आहे. त्यांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. मात्र गाळलेल्या आकड्यांसाठी अशी कोणतीही पायरी तिथे नाही. मला ही त्या विनियमांतली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण सार्वजनिक पैशाचे खरे नुकसान उसन्या वाक्यांपेक्षा खोट्या निष्कर्षांनी होते.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य सेवेच्या निधीतून होणाऱ्या संशोधनाला 2005पासून लागू असलेल्या नियमांत आकडे रचणे, त्यांत फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य या तिन्ही गोष्टी गैरवर्तन ठरतात. संशोधनाचे चित्र विपरीत होईल अशा रीतीने आकडे वगळणे हाही तिथे फेरफारच मानला जातो. प्रामाणिक चूक आणि मतभेद यांना मात्र त्यातून वगळले आहे. शिवाय आरोपीला कळवण्यापूर्वी किंवा कळवताच मूळ नोंदी ताब्यात घेण्याचे बंधन संस्थेवर असते, आणि आपल्याकडील चौकशा बहुधा नेमक्या इथेच ढिल्या पडतात.

आपण आधी एक खात्री करून घ्यावी. उपकरण बिघडले होते किंवा नमुना दूषित झाला होता, असे कारण प्रयोगवहीत त्याच वेळी नोंदवून आकडा वगळला असेल, तर ते गैरवर्तन नव्हे. कारण नोंदलेले नसेल आणि वगळलेले सगळे आकडे एकाच बाजूचे असतील, तर संशयाला आधार आहे.

तक्रार संस्थाप्रमुखांकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. वरील 2018च्या विनियमांनुसार अशा तक्रारींसाठी प्रत्येक विभागात नेमल्या जाणाऱ्या समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखांकडे असते. त्यामुळे प्रकल्प त्यांचाच असेल, तर तिथे जाण्यात अर्थ नाही. अनुदान देणाऱ्या विभागालाही प्रत पाठवता येते. त्यासाठी लागणारा मंजुरीपत्राचा क्रमांक कार्यालयातून मिळाला नाही, तर 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. तक्रारीत हेतूबद्दल तर्क न करता नमुना क्रमांक, मोजणीची तारीख, वहीतील आकडा आणि अहवालातील स्थिती एवढेच मांडावे. मूळ वह्या घरी नेऊ नयेत; त्या संस्थेच्या मालकीच्या असतात, आणि त्या हलवल्या तर चौकशीचा रोख आपल्याकडेच वळेल.