बाली ते योग्यकर्ता : फेरी की विमान?

प्रश्न : आम्ही खानापूरचे. मी, माझे यजमान, मुलगी आणि 71 वर्षांच्या सासूबाई, असे मे महिन्यात नऊ दिवस इंडोनेशियाला जायचं म्हणतोय. बाली, जावा बेटावर योग्यकर्ता शहराजवळचा बोरोबुदूरचा स्तूप, प्रंबाननची मंदिरं आणि जमलं तर कोमोडो ड्रॅगन हे महाकाय सरडे बघायचे आहेत. ओळखीतले एकजण म्हणाले, बालीहून जावाला फेरी आणि रेल्वेनं स्वस्तात जाता येतं. यजमान म्हणतात विमानच बरं, पण तिथल्या स्वस्त विमानांचा मला भरवसा वाटत नाही. शिवाय एका तिकिटावर बालीहून सकाळी 10 ला निघून 10.20 ला योग्यकर्ता असं दिसलं. हे कसं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, विमानानंच जा. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही. बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक बंदर, तिथून फेरीनं पलीकडे जावातलं केतापांग, आणि पुढे योग्यकर्तापर्यंत दिवसभराची रेल्वे. पाठीवर सॅक टाकून निघालेल्या पोरांनी तो जरूर धरावा. सासूबाईंना त्यात घालू नका.

10.20 ची गोष्ट खरी आहे. इंडोनेशियात तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालतात. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जावाचं दीड तास. प्रवास सव्वा-दीड तासाचा, पण उतरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यायचं. येताना उलटं होतं, तोच प्रवास तिकिटावर अडीच तासांचा दिसतो. जाणाऱ्यांनी येतानाचा हिशेब आधी मांडावा, कारण गडबड तिथंच होते.

भरवशाचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. 2007 मध्ये युरोपीय संघानं इंडोनेशियाच्या सगळ्या विमान कंपन्यांवर बंदी घातली होती. ती टप्प्याटप्प्यानं उठत गेली आणि 2018 च्या जूनमध्ये पूर्ण उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लायन एअरचं बोईंग 737 मॅक्स जकार्ताहून उडाल्यावर समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. तपासात विमानाच्या रचनेतले दोष निघाले, देखभालीतल्या चुकाही निघाल्या. हे सगळं माहीत असूनही मी बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या टेबलावरून तिथली तिकिटं काढून देते, माझ्या घरच्यांचीही काढली आहेत. मी एवढंच बघते, की त्या मार्गावर कुठल्या कंपनीची दिवसातून जास्त विमानं आहेत. एक रद्द झालं तर दुसऱ्यात जागा मिळते. आणि तिकीट सकाळचंच काढते. एकच विमान दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. निपाणीच्या एका कुटुंबानं मोबाइलवर स्वतःच तिकिटं काढली. योग्यकर्ता ते बाली संध्याकाळी, आणि त्याच रात्री बालीहून भारताचं. दोन्ही तिकिटं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि दुसरं गेलं. तिकिटं वेगळी असली की पुढची कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही परत देत नाही. चौघांची नवी तिकिटं काढताना त्यांच्या जिवाला जो घोर लागला, तो मी फोनवर ऐकला आहे. म्हणून लांबचं आधी उरका. बालीत उतरा, रात्र काढा, दुसऱ्या दिवशी योग्यकर्ता. बाली शेवटी ठेवा आणि परतीच्या दिवशी इंडोनेशियातल्या इंडोनेशियात फिरणारं विमान नकोच. कोमोडोसाठी फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोला उडावं लागतं, पुढे बोटीचा प्रवास. नऊ दिवसांत आणि या वयात, मी तो सोडून देईन. बोरोबुदूरला मात्र घाई करू नका.

योग्यकर्त्याला दोन विमानतळ आहेत. जुना शहरालगतच, आणि नवा कुलोन प्रोगोत, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. बहुतेक विमानं नव्यावर उतरतात, तिथून शहरात रेल्वे जाते. तिकिटावर वायआयए (YIA, नव्या विमानतळाचा कोड) असेल तर हॉटेलवाल्याला तसं कळवा.

राखेचंही ध्यानात ठेवा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरेसवरचा लेवोतोबी ज्वालामुखी उसळला आणि बालीची कितीतरी विमानं रद्द झाली. राख इंजिनात वितळून चिकटते, त्यामुळे कुणीच उडत नाही. प्रवासाचा विमा काढताना ज्वालामुखीमुळे रद्द झालेलं विमान त्यात धरलंय का, हे विचारून घ्या. न्येपीचा अडथळा तुम्हाला मे महिन्यात नाही, पण मार्चमध्ये जाणाऱ्यांनी बघावं. बालीचं ते शक नववर्ष. त्या दिवशी बालीचा विमानतळ चोवीस तास बंद असतो. शक आपलाच, 2026 मध्ये तर न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी, 19 मार्चला, शके 1948.

इंडोनेशियातल्या इंडोनेशियात फिरणाऱ्या विमानातही परदेशी माणसाला पासपोर्टच दाखवावा लागतो. आपल्याकडे नावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना आधारवर एक स्पेलिंग होतं, पासपोर्टवर दुसरं. तिकीट पासपोर्टच्या अक्षरांनीच काढा. स्वस्त विमानात हातातली बॅग सात किलोची, आणि चिवडा-चपात्यांचे डबे भरले की ते सात किलो तिथंच संपतात. मोठ्या बॅगेचं वजन तिकिटाबरोबरच विकत घ्या, काउंटरवर ते महाग पडतं.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा आणि जायच्या दोन दिवस आधी कंपनीला पुन्हा फोन करा. विमानाला शिडी लागणार असेल तर तेही तेव्हाच विचारा.