पॅथॉलॉजी म्हणजे फक्त रक्ताची लॅब नव्हे

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहते, बारावी सायन्सला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि आमच्या द्राक्षबागेत डाऊनी रोगाने बरेच घड गेले. बाग बघायला आलेले कृषी अधिकारी मला म्हणाले, "तू प्लँट पॅथॉलॉजी कर." पप्पा म्हणतात, पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासायची लॅब, त्याला डीएमएलटी पुरे. नेटवर पाहिलं तर फायटोपॅथॉलॉजी, मायकोलॉजी, एपिडेमिऑलॉजी असे आणखी शब्द निघाले. मी यातलं नेमकं काय शिकायचं?

उत्तर : पप्पांचं अर्धं बरोबर आहे. 'पॅथॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ दुखणं, यातना. त्यावरून पॅथॉलॉजी म्हणजे आजाराचं शास्त्र, मग आजार कोणाचाही असो. माणसाच्या आजाराचं शास्त्र शिकून पॅथॉलॉजिस्ट व्हायचं तर 'नीट' परीक्षा, एमबीबीएस आणि पुढे एमडी असा रस्ता आहे. डीएमएलटी हे लॅब टेक्निशियनचं शिक्षण. ते चांगलंच काम आहे, पण तू विचारतेस ते हे नव्हे. 'फायटो' म्हणजे वनस्पती, म्हणून फायटोपॅथॉलॉजी आणि प्लँट पॅथॉलॉजी एकच. आपल्या कृषी विद्यापीठांत त्याला वनस्पती रोगशास्त्र म्हणतात.

मायकोलॉजी म्हणजे बुरशींचं शास्त्र. ही बुरशी कोणती, कशी वाढते, बीजाणू कसे तयार करते, हे मायकोलॉजिस्ट बघतो. रोगशास्त्रज्ञाला तेवढ्याने भागत नाही. त्याला रोगकारक, पीक आणि हवामान या तिन्हींचा मेळ बघावा लागतो. रोगकारकही नुसती बुरशी नसते. जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी हे सगळे त्यात आले. एपिडेमिऑलॉजी म्हणजे रोग एका वेलीवरून बागभर आणि बागेतून गावभर कसा नि किती वेगाने पसरतो याचा अभ्यास. पावसाचा, पानांवरच्या ओलाव्याचा अंदाज घेऊन फवारणीचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेच शास्त्र असतं. थ्रिप्स, मिलीबग यांचा विभाग मात्र वेगळा, तो कीटकशास्त्राचा.

आता तुमच्या बागेतलाच दाखला घे, कारण हे शब्द कामाचे आहेत की नुसते पाठांतराचे ते तिथे कळतं. डाऊनीचं पान हातात घेतलंस तर वरच्या बाजूला पिवळसर, तेल सांडल्यासारखा डाग दिसतो आणि पान उलटलं की त्याच जागी खाली पांढरी लव. भुरी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगात राखेसारखी पावडर बहुधा पानाच्या वरच दिसते आणि मण्यांवरही चढते. गावात दोन्हींना 'बुरशी' म्हणतात. शास्त्र सांगतं की भुरी ही खरी बुरशी, पण डाऊनीचा रोगकारक ऊमायसीट या वेगळ्याच गटातला. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीत कायटिन. त्याचे चलबीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत पानाच्या छिद्रांपर्यंत जातात, म्हणून पाऊस लागून राहिला की डाऊनी उसळते. भुरीला पानावर पाणी साचायची गरजच नसते. हेक्झाकोनॅझोलसारखं औषध बुरशीच्या पेशींना लागणाऱ्या अर्गोस्टेरॉल या द्रव्याची निर्मिती अडवतं. डाऊनीचा जीव ते बनवतच नाही, त्यामुळे भुरीवर चालणारं हे औषध डाऊनीवर मारलं तर पैसे पाण्यात. एका वर्गीकरणाच्या शब्दावर शेतकऱ्याचा एवढा खर्च अवलंबून असतो. म्हणून हा विषय मला फार मोलाचा वाटतो.

या शास्त्राचा पायाही अशाच एका संकटात घातला गेला. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक करपून दुष्काळ पडला. तेव्हा अनेकांची समजूत अशी की पीक आधी सडतं आणि त्यावर बुरशी नंतर येते. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं की तो जीवच रोग घडवतो. त्याने त्याला फायटोफ्थोरा हे नाव दिलं, अर्थ 'वनस्पतीचा नाश करणारा'. तोही ऊमायसीटच. पिंपळगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोवर उशिरा येणारा करपा त्याचाच.

तू आजच यातला एक शब्द निवडायची घाई करू नकोस. पिकांच्या रोगांकडे जायची नेहमीची पहिली पायरी म्हणजे चार वर्षांची बीएस्सी ॲग्री. प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो, 'नीट' परीक्षा लागत नाही. रोगशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र सगळं तिथे थोडं थोडं शिकायला मिळतं आणि स्पेशलायझेशन एमएस्सीला येतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याला जवळचं, त्याला जोडलेली महाविद्यालयं नाशिकमध्येही आहेत. सूक्ष्मदर्शकाखालची बुरशीच जास्त आवडते असं पुढे वाटलं, तर बॉटनी किंवा मायक्रोबायॉलॉजीतूनही मायकोलॉजीकडे जाता येतं. पण तुझ्या पत्रात बागेचंच दुःख आहे, त्यामुळे मी तुला ॲग्रीच सुचवीन.

पप्पांना नोकरीची काळजी असणार, ती रास्त आहे. एमएस्सी, पीएचडीनंतर कृषी विद्यापीठं आणि आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे द्राक्षाच्या रोगांवरच काम चालतं. नुसत्या पदवीवरही राज्याच्या कृषी खात्याच्या परीक्षा, बियाणं आणि औषध कंपन्या, निर्यातदारांचं बागेतलं काम असे मार्ग खुले असतात. स्वतःची बाग सांभाळून सल्लागार होता येतं, हा पर्याय तर तुला घरबसल्याच आहे.

सध्या सीईटीचा अर्ज भर आणि बायॉलॉजी सोडू नकोस. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना कृषी प्रवेशात वाढीव गुणांची सवलत असते. या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत त्याची अट बघून घे आणि पप्पांना सातबारा आत्ताच काढून ठेवायला सांग. निकालानंतर तलाठी कार्यालयात गर्दी होते.