हिरवं वाढलं, मग चारा कुठे गेला?

वाचकांचे प्रश्न – झाडोरा, गवत आणि कोरड्या प्रदेशातले बदल

प्रश्न : मुलगा नागपूरले शिकते, त्यानं मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा दाखवला, म्हणे बाबा आपल्याकडे हिरवळ वाढून राहिली. इकडे आमच्या गावचे धनगर सांगतात माळावर चारायले गवतच नाही उरलं. खरं कोण सांगून राहिलं?
– एक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : दोघंही खरं सांगतायत काका. उपग्रह पानांवरून परत येणारा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश मोजतो, त्यावरून हिरवेपणाचा एक आकडा निघतो, पण ते हिरवं पवन्या गवताचं की वेड्या बाभळीचं, घाणेरीचं की तुमच्या संत्र्याच्या बागेचं, हे तो आकडा सांगत नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर बाय 30 मीटरचा तुकडा, त्यात सगळं एकत्र मिसळतं. गवत जाऊन झुडपं आली तर आकडा वर जातो आणि गुरं उपाशी राहतात. मुलाला म्हणा नुसतं ऑक्टोबरचं चित्र नको बघू, फेब्रुवारी-मार्चचंही काढ. तोवर माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, मग जे हिरवं टिकलं ते बहुतेक झाड, झुडूप नाहीतर ओलिताचं पीक. आणि तो नकाशा घेऊन त्या धनगरांसोबत माळावर फिरा, कुठलं गवत कधीपासून दिसत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

दुसरं, मोजायला सुरुवात कुठल्या वर्षापासून केली ते बघा. पहिला लँडसॅट उडाला जुलै 1972 मध्ये, आणि ते महाराष्ट्राचं दुष्काळाचं वर्ष. तिथून मोजलं तर पुढचा कुठलाही बरा पावसाळा म्हणजे प्रगतीच वाटणार. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेलचा पट्टा आहे, तिथेही हाच घोळ झाला. तिथल्या हिरवेपणाच्या सलग उपग्रह-नोंदी 1980 च्या दशकात सुरू झाल्या, तेव्हा तिथे भयंकर दुष्काळ होता, नंतर पाऊस सुधारला आणि नकाशे हिरवे झाले. तो हिरवेपणा खरा आहे, पण त्यातला पावसाचा किती, माणसांनी जपलेल्या झाडांचा किती आणि कुठली जुनी झाडं परत आलीच नाहीत, हे जमिनीवर उतरल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मला अमेरिकेतल्या टुमामॉक टेकडीबद्दल फार आदर वाटतो. अॅरिझोनातल्या टूसान शहराला लागून ही टेकडी आहे, 1903 मध्ये तिथे वाळवंटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा निघाली, 1906 मध्ये व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी जमिनीचे ठराविक तुकडे आखून त्यातलं एकेक झाड नकाशावर मांडलं, पुढच्या वर्षी टेकडीला कुंपण घालून चराई बंद झाली, आणि तेच तुकडे पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा मोजले. तिथला साग्वारो निवडुंग पहिल्या सात-आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो आणि दीडशे वर्षंही जगतो. त्याचं रोप दुसऱ्या झाडाच्या सावलीत जगतं, नवी रोपं मोठ्या संख्येनं टिकतात ती अनुकूल वर्षं लागोपाठ आली तरच. अशा ठिकाणी दहा वर्षं बघून निकाल देणं म्हणजे पहिल्या षटकावरून टेस्ट मॅच ठरवणं.

आणि तिथला आजचा मोठा शत्रू कोण, तर आपलं अंजन गवत! आपल्याकडे ते उत्तम चारा म्हणून मुद्दाम पेरतात, तिकडेही गेल्या शतकात चाऱ्यासाठी आणि माती धरायला नेलं. पण ते झाडांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं, वाळलं की आग त्यावरून पसरत जाते, आणि साग्वारोला आगीची सवयच नाही. उपग्रहाला मात्र पावसाळ्यात तेही छान हिरवंच दिसेल. आपल्याकडे याच्या उलट होतं, गवताळ माळ पडीक समजून त्यावर झाडं लावतात, आणि काळवीट, माळढोक यांची जागा जाते. मला हे अतिशय चुकीचं वाटतं.

प्रश्न : मी नागपूरला एमएस्सी बॉटनी करतेय, प्रोजेक्टला दोनच वर्षं आहेत. एवढ्यात दीर्घकाळाचा बदल कसा दाखवू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : दाखवू नका, सुरुवात करून द्या. नागपुरात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे खरं कोरडं बघायचं तर बुलढाण्याकडे जा. तुकडा आखा, कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोका, जीपीएस नोंदवा पण त्याच्या भरवशावर राहू नका, जवळच्या मोठ्या दगडापासूनचं अंतरही लिहा. एकाच खुंटीवरून, एकाच दिशेला, एकाच महिन्यात फोटो. मेलेली झाडंसुद्धा मोजा, बहुतेक जण ती सोडतात आणि मग किती मेली, किती नवी आली याचा हिशेब कधीच लागत नाही. पाऊस आणि चराई दोन्ही लिहा. वही डिपार्टमेंटला द्या, तिची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा. तुमचा थिसिस या पहिल्या मोजणीवर उभा राहतो, ती कमी दर्जाची अजिबात नाही, गाईडना तसं ठणकावून सांगा.

प्रश्न : आजोबांनी काढलेले रामटेकच्या टेकडीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत. कोणाला उपयोग होईल का?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : नक्की होईल! अमेरिकेत 1889-90 मध्ये रॉबर्ट स्टँटन यांनी रेल्वेच्या सर्व्हेसाठी ग्रँड कॅन्यनचे फोटो काढले होते, शंभर वर्षांनी रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढले तर कितीतरी झुडपं तीच सापडली, एका शतकानंतर जिवंत. तुम्हीही टेकडीची आकाशरेषा आणि समोरचे खडक जुळेपर्यंत मागेपुढे सरका, जागा सापडली की शक्यतो त्याच ऋतूत फोटो घ्या, आणि आधी मूळ फोटोच्या पाठीवर तारीख, ठिकाण काही लिहिलंय का ते बघून तीही बाजू स्कॅन करून ठेवा.